नंदूकाकांची जागा

१० मार्च २०२५, सोमवार

देपालपूरहून इंदूरला येणारी बस आज गव्हाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. शाळेतून घरी पोचायला सात वाजले. बाबा शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद करून घरात बसलेले. संध्याकाळी सातला बाबा घरात दिसले की कोणीतरी आजारी असतं, म्हणून मी आधी आईकडे पाहिलं. आई ठीक होती. बाबांच्या हातात एक पाकीट होतं, न फोडलेलं.

"इंग्रजी आहे," ते म्हणाले. "वाच आणि मग सांग."

आमच्या घरात इंग्रजी कागद माझ्यासाठी थांबून राहतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचं हे एक काम आहे आणि मला ते आवडतं.

पत्र नॉर्वेहून होतं, मारितचं. मारित म्हणजे नंदूकाकांची मुलगी, माझी चुलत बहीण, जिला आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नाही. नंदूकाका बाबांचे मोठे भाऊ. १९८२ साली जहाजावरची नोकरी धरून गेले, नॉर्वेत उतरले, तिथल्या तुरुन नावाच्या बाईंशी लग्न केलं आणि परत आले नाहीत. २००५ मध्ये वारले. त्यांना तिथेच पुरलं. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जातं. आजी त्यात एक वाक्य जोडायची, हळू आवाजात: "मातीत कोंडलाय माझा पोरगा." आजी जाऊनही चार वर्षं झाली.

मारितने लिहिलंय की तिकडे कबरीची जागा वीस वर्षांसाठी मिळते. मुदत संपली की चर्चच्या ऑफिसातून विचारणा येते, जागा ठेवायची की सोडायची. सोडली तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्या कोणाला देतात. नंदूकाकांची वीस वर्षं ऑगस्टमध्ये भरतात. पुढे तिने लिहिलंय: "हे मी एकटी ठरवू शकत नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे की त्यांचं इंदूरला घर आहे. ते घर त्यांना आपलं म्हणतं का, हे मला माहीत नाही. जमलं तर या. नाहीच जमलं तर फक्त हो किंवा नाही कळवा."

मी वाचून दाखवलं. बाबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"सोडू दे जागा," म्हणाले. "बरंच होईल. सुटेल तो."

"अहो, लेक बोलावते आहे," आई म्हणाली.

"तेच तर," बाबा म्हणाले आणि पुन्हा दुकान उघडायला निघून गेले. सात वाजून गेल्यावर.

'तेच तर' म्हणजे काय, मला कळलं नाही.

१६ मार्च, रविवार

आज बाबांशी बोलले. तीन दिवस मुद्दे काढत होते. शाळेत मी आठवीला समता शिकवते, माणसांनी माणसांना जातीवरून, देशावरून, धर्मावरून तोडू नये असं फळ्यावर लिहिते, आणि माझ्याच घरात एक सख्खा भाऊ चाळीस वर्षं तुटलेला. मी सगळं नीट मांडलं. आजोबा कर्मठ होते, त्यांनी काकांना तोडलं, त्यात बाबांचा काय दोष, पण आता तरी आपण जोडायला हवं, असं.

बाबा शिलाई मशीनचं शटल पुसत ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे पत्र किती दिवसांत पोचतं?"

"बाबा, ईमेल केला तर लगेच."

"तेव्हा महिना लागायचा," ते म्हणाले. "महिनाभर माणूस वाट बघायचा, काय उत्तर येईल म्हणून."

शटल पुसून त्यांनी मशीनमध्ये परत बसवलं. आणि मग, "चल. जाऊ. पण जागा मी सोडूनच येणार. 'मातीत कोंडलाय' हा माझ्या आईचा शब्द आहे."

अर्धं जिंकले. मुद्दे काढून बोललं की माणूस ऐकतो, ह्यावर माझा विश्वास आहे. उरलेलं अर्धं तिथे जाऊन.

४ एप्रिल, शुक्रवार

तिकिटांचं जमलं. मारितशी आता जवळजवळ रोज मेल चालतात. ती शाळेत सुतारकाम शिकवते. मला फार अभिमान वाटला. तिचं मधलं नाव भानुमती आहे. आजीचं. आईला सांगितलं तर आई पोळपाटावरचा हात थांबवून म्हणाली, "आणि सासूबाई हे न कळताच गेल्या."

आज मारितने लिहिलं की तुम्ही यायच्या आधी माझ्या घराबद्दल तुम्हाला काही सांगायला हवं, नंतर अडचण वाटायला नको. बिचारीला वाटतंय तिचं घर आम्हाला लहान पडेल. मी लगेच उत्तर पाठवलं की काही सांगू नकोस, जुन्या इंदुरात आम्ही दोन खोल्यांत पाच माणसं राहिलोय, आम्ही कुठल्याही घरात ॲडजस्ट होतो. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "बरं. मग आल्यावर."

३ जून, मंगळवार

उद्या निघायचं. सेव अडीच किलो, पोह्यांवर घालायच्या जिरावन मसाल्याचे चार डबे, लाडू. आईने ओटीसाठी खण, नारळ आणि एक चंदेरी साडी घेतली आहे. लेक पहिल्यांदा भेटते म्हणजे ओटी भरायलाच हवी.

"नारळ नेऊ देतील का विमानात?" मी विचारलं.

"चेक-इन बॅगेत चालतो. शामच्या जावयाने सांगितलं."

शामकाका म्हणजे बाबांच्या शेजारचे घड्याळवाले. त्यांनी दुपारी दुकानात चार माणसांसमोर विचारलं, "काय रामभाऊ, नॉर्वेत मशीन रिपेरिंगची ब्रँच खोलताय का भिया?"

"हो ना," बाबा म्हणाले, "उधारीवाले तिकडे पोचत नाहीत म्हणतात." सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

बाबांनी एक रिकामा पितळी गडू बॅगेत ठेवलाय, तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं बांधून. मी म्हटलं, बाबा, तिथे नळाचं पाणी छान असतं. ते म्हणाले, "असू दे."

६ जून, शुक्रवार. सुनवोल

पोचलो. दोन विमानं, एक बस, एक बोट. गाव म्हणजे समुद्राच्या एका लांब फाट्याकाठी पसरलेली पंचवीस-तीस लाकडी घरं, मागे डोंगर आणि डोंगरावर अजून बर्फ. रात्री अकरापर्यंत उजेड असतो. आईने खिडकीला चादर बांधली.

मारित धक्क्यावर उभी होती. सदतीस वर्षांची, उंच, आणि आजीचं कपाळ. अगदी आजीचं. आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिने सरळ तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मारितला कळलं नाही काय करायचं, ती वाकून उभी राहिली. बाबांनी लांबून नमस्कार केला.

तिच्याबरोबर तिची मैत्रीण हेगे होती. बोटींची इंजिनं दुरुस्त करते. हीसुद्धा ह्याच घरात राहते. घरं महाग असल्यामुळे इथे असं राहत असावेत, चांगली पद्धत आहे. हेगेने आमच्या सगळ्या बॅगा एकटीने गाडीत टाकल्या आणि बाबांच्या हातातली मात्र घेतली नाही, कारण बाबांनी दिली नाही. त्यात गडू आहे.

दारात चपला काढाव्या लागतात. आई खूश. "बघ, आपल्यासारखंच."

जेवायला उकडलेले बटाटे आणि मासा. बाबांनी बटाट्यावर सेव घातली. हेगेने बघितलं, थोडी मागून घेतली, मग डबाच जवळ ओढला. मग माशावर जिरावन. मग ब्रेडवर जिरावन.

"खाणारी आहे," आई म्हणाली, आणि हे आईच्या तोंडून मोठं सर्टिफिकेट असतं.

झोपताना आई म्हणाली, "बरं झालं. पोरगी एकटी नाहीये." मी म्हटलं, हो ना, शेअरिंगमुळे सोबतही होते.

८ जून, रविवार

आज कबरस्तानात जायचं होतं. बाबा म्हणाले आज नको, थकलोय. थकले नाहीत, सकाळी सहापासून बंदरावर हेगेजवळ उभे होते. तिने एक इंजिन उघडलं होतं. तिला मराठी येत नाही, बाबांना नॉर्वेजियन येत नाही, इंग्रजीत दोघंही अर्धी. मी नाश्त्याला बोलवायला गेले तर बाबा तिला बोटाने दाखवत होते, "यहाँ. यहाँ घिस गया." ती मान हलवून म्हणाली, "या, या." दोघांना बरोबर कळलं होतं. इथे 'या' म्हणजे हो.

तिच्या आणि मारितच्या उजव्या हातात सारख्याच साध्या अंगठ्या आहेत. कॉलेजात आम्ही तिघी मैत्रिणींनी राजवाड्याच्या बाजारातून घेतल्या होत्या तशा. माझी केव्हाच काळी पडली.

इथे एक तपकिरी चीज मिळतं, वाफलवर ठेवून खातात. आईने चव घेतली, डोळे मिटले. "मावा जरा जास्त भाजला गेला की असा लागतो." मग आणखी एक घेतलं.

९ जून, सोमवार

आज तुरुनकाकूंचं वडिलोपार्जित घर पाहिलं. गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी. अंगणाच्या एका बाजूला मोठं घर, दुसऱ्या बाजूला लहान. मारितने सांगितलं की पूर्वी मुलगा किंवा मुलगी शेत सांभाळायला लागली की म्हातारा-म्हातारी आपण होऊन लहान घरात जायची. मोठं घर तरुणांचं. त्यांना तिथे दूध, लाकडं, बटाटे ठरल्याप्रमाणे मिळायचे.

आईला हे इतकं आवडलं की तिने दोनदा विचारलं, "आपण होऊन? भांडण न करता?"

"भांडणं खूप," मारित म्हणाली. "पण जायचे."

लहान घर रिकामं होतं, तिथे नंदूकाका शेवटची आठ वर्षं काकू आणि मारितला घेऊन राहिले. आता तिथे कोणी नसतं. खाट, चूल, खिडकीत पायाचं जुनं शिलाई मशीन. बाबा कुठल्याही घरात शिरले की मशीन असेल तर तिथे जातात. त्यांनी झाकण काढलं, सवयीने खाली वाकून पट्टा बघितला आणि वाकलेलेच राहिले.

मी जाऊन बघितलं. चामड्याचा पट्टा, त्याचा सांधा तांब्याच्या तारेने केलेला. दोन फेरे, आणि टोक आत वळवून ठोकलेलं.

हे लिहून ठेवायला हवं, कारण आमच्या दुकानाबाहेर कोणाला कळणार नाही. पट्ट्याचा सांधा सगळे लोखंडी क्लिपने करतात. सोपं पडतं. पण क्लिप चाकावरून गेली की दर फेऱ्याला टक वाजते. आजोबांना ती टक सहन व्हायची नाही. बाई दिवसभर मशीनवर बसते, तिच्या कानात दिवसभर टक टक का, असं म्हणून ते तारेने सांधायचे. त्यांनी ते दोघा मुलांना शिकवलं. बाबा अजून तसंच करतात, दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावतात.

बाबा खुर्चीवर बसले आणि पाय चालवला. मशीन चालू झालं. चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, टक आली नाही.

कापड नव्हतं. बाबा नुसतेच चालवत राहिले. मारित दारात उभी होती. ती म्हणाली, "आईसाठी बाबांनी ते दुरुस्त केलं होतं. मी लहान असताना रोज ह्याच्याजवळ झोपायचे." मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाय थांबवला नाही.

उतरताना ते मला म्हणाले, "एवढा पट्टा पंचवीस-तीस वर्षं टिकत नाही. कोणीतरी तेल देतंय." मी विचारलं. तेल हेगे देते, दर वसंतात.

११ जून, बुधवार

कबरस्तान. चर्च छोटं, पांढरं, आणि त्याच्याभोवती गवत. कबरी म्हणजे नुसते दगड आणि पुढे लावलेली फुलं. फाटकाजवळ हिरव्या झाऱ्या टांगल्या आहेत, कोणीही घ्यावी, पाणी घालावं, परत टांगावी.

काकांच्या दगडावर नाव, दोन तारखा आणि खाली बरीच मोकळी जागा. शेजारी काकू असतील असं मला वाटलं होतं. मारित म्हणाली, नाही, आईने स्वतःची राख समुद्रात सोडायला सांगितली होती. ती कोळ्याची मुलगी. परवानगी काढून सोडली.

आई म्हणाली, "म्हणजे अगदी उलटंच झालं की. तिची राख पाण्यात आणि आपला मातीत."

बाबांनी बॅगेतून गडू काढला होता. फडकं सोडत होते. त्यांच्या दुसऱ्या हातात आईच्या स्वयंपाकघरातला चमचा होता. तेव्हा मला कळलं की ते माती न्यायला आलेत. माती नर्मदेत सोडायची, इथली जागा सोडायची, म्हणजे आजीच्या मनातला मुलगा सुटला. त्यांनी हे इंदूरहून निघतानाच ठरवलेलं. आणि मी त्यांना नळाच्या पाण्याबद्दल सांगत होते.

मला रडू आलं, पण मुद्दा मांडायची वेळ होती. मी मारितला विचारलं, काकांनी धर्म बदलला होता का, त्यांना पुरायचं कोणी ठरवलं. बाबांना 'चर्च'वरूनच राग आहे, हे मला माहीत होतं.

"त्यांनी स्वतः," मारित म्हणाली. "धर्म नाही बदलला. इथे गावातल्या कोणालाही जागा मिळते. आईने विचारलं होतं, तुझी राख भारतात पाठवू का, नदीत. ते म्हणाले, नको. राख सोडली की संपलं. उद्या माझ्या घरचं कोणी आलंच, तर त्यांना उभं राहायला कुठेतरी जागा पाहिजे."

हे मी मराठीत सांगितलं. 'जागा' ह्या शब्दाशी थांबून मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

बाबा त्या दगडासमोर उभे होते. जिथे उभं राहायचं होतं, बरोबर तिथे.

थोड्या वेळाने त्यांनी चमचा खिशात घातला. गडू घेऊन फाटकाजवळच्या नळावर गेले, भरून आणला आणि दगडाच्या पायाशी उजव्या हाताच्या अंगठ्यावरून पाणी सोडलं, तीनदा. मग उरलेलं फुलांना घातलं.

"माती राहू दे इथेच," म्हणाले.

मारितने विचारलं, म्हणजे हो का? मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आधी तिला एक सांगायचंय. ते ऐकून तिला ठरवू दे, आम्ही कोण ते."

१२ जून, गुरुवार

काल संध्याकाळचं आज लिहिते आहे, काल रात्री हात चालला नाही.

स्वयंपाकघरातलं टेबल. मारित, हेगे, आई, बाबा, मी. मध्ये चर्चच्या ऑफिसचा फॉर्म. बाबा म्हणाले, "पूर्वा, तू फक्त इंग्रजी कर. तुझं काही घालू नकोस."

"नव्वद साली नंदूचं पत्र आलं. बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन येतो, घरात राहू द्याल का म्हणून. उत्तर मी लिहिलं."

मी सुरू केलं, की त्या काळी आजोबा घरातले मोठे, आणि त्यांचा हुकूम...

"ग्रँडफादर-ग्रँडफादर नको करू," बाबा म्हणाले. तेवढं इंग्रजी त्यांना येतं. "मी लिहिलं. हे सांग."

मी सांगितलं.

"येऊ नका, हे वडिलांनी सांगितलं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. पण शेवटची ओळ त्यांनी सांगितलेली नव्हती. ती माझी. आईला तुझं तोंड पाहायचं नाही, असं लिहिलं. आई असं कधी म्हणालीच नव्हती. मला वाटलं, ह्याने काम पक्कं होईल. मला राग होता. तो गेला आणि सगळं माझ्यावर पडलं, दुकान, म्हातारे, सगळं. चोवीस वर्षांचा होतो. आईला मी हे कधी सांगितलं नाही."

माझ्या आईने मान वर केली नाही. मला वाटतं तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी मार्चमध्ये त्यांच्यासमोर बसून म्हणाले होते, ह्यात तुमचा काय दोष.

मी एकेक वाक्य इंग्रजीत केलं. काही घातलं नाही, काही काढलं नाही. एवढं अवघड भाषांतर मी कधी केलेलं नाही.

मारित उठली आणि वरून एक जुना कागद घेऊन आली. घड्यांवर फाटलेला, मागून टेप लावलेला. बाबांचं अक्षर.

"मला मराठी अक्षरं माझ्या बाबांनी ह्यावरून शिकवली," ती म्हणाली. "म्हणायचे, माझ्या भावाचं अक्षर बघ, किती सुंदर. मी 'आ' ह्यातल्या 'आई'वरून शिकले. अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही. मला वाटायचं, प्रेमाचं पत्र असेल."

बाबांनी तो कागद हातात घेतला नाही. तिने टेबलावर ठेवला. हेगेने उठून कॉफी केली, कोणी मागितली नव्हती.

मग मारित हेगेकडे बघून काहीतरी म्हणाली, त्यांच्या भाषेत. हेगेने मान हलवली. मारित माझ्याकडे वळली.

"तू मेलमध्ये म्हणालीस सांगू नकोस. पण आता सांगायला हवं. हेगे आणि मी अकरा वर्षं एकत्र आहोत. हे घर जितकं माझं, तितकं तिचं. तुझ्या बाबांना ह्याबद्दल काही लिहायचं असेल तर त्यांनी आत्ता इथे, माझ्यासमोर लिहावं. मागाहून नको."

तिचे हात थरथरत होते. वडिलांबद्दल एवढं ऐकल्यावर थरथरणारच. मी बाबांना सांगितलं, "घर दोघींचं आहे म्हणते, अकरा वर्षांपासून. आणि काही लिहायचं असेल तर आत्ताच इथे लिहा, नंतर नको." मला वाटलं, फॉर्मवर घराच्या पत्त्यात दोघींची नावं घालायची असतील.

बाबांनी मारितकडे पाहिलं. मग हेगेकडे. मग टेबलावरच्या त्या फाटक्या पत्राकडे. इतका वेळ, की मी पुन्हा भाषांतर करायला तोंड उघडलं. आईने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सांग तिला," बाबा म्हणाले. "ह्या वेळचं पत्र घरी जाऊन लिहीन. नीट बसून. दोघींच्या नावानं."

मी सांगितलं. मारितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली, हेगे तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. नुसत्या पत्राचं एवढं वाटावं, म्हणजे तिने किती वर्षं वाट पाहिली असेल.

फॉर्म भरला. जागा ठेवायची, आणखी वीस वर्षं. जबाबदार व्यक्ती मारित. खाली दुसऱ्या नावासाठी एक ओळ होती. बाबा म्हणाले, "पूर्वाचं घाला. पंचेचाळीस साली मी थोडाच येणार. ही येईल." मी सही केली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची असेन. पेन जरा घट्ट धरलं गेलं.

१४ जून, शनिवार

उद्या निघायचं. आईने आज ओटी भरली. मारितला पाटाऐवजी लाकडी स्टुलावर बसवलं, कुंकू लावलं, चंदेरी साडी, खण, नारळ, तांदूळ. मारितने साडी छातीशी धरली.

मग आईने स्वतःची नवी साडी बॅगेतून काढली, जांभळी, तिने ती परतीच्या प्रवासासाठी ठेवली होती. हेगेला हाक मारली, "ये बेटा, बैस." नारळ एकच होता, म्हणून ओंजळीत सफरचंद घातलं. हेगे ऑइलचे डाग पडलेल्या पँटमध्ये ताठ बसून राहिली, इंजिन उघडताना बसते तशी गंभीर.

आई अशीच आहे, घरातल्या कोणाला वेगळं वाटू देत नाही. शेजारच्या भाडेकरूंचीही ओटी भरते. मी नंतर म्हटलं, आई, तू माझ्यापेक्षा जास्त समता पाळतेस. आई म्हणाली, "समता-बिमता मला कळत नाही. लेकीची भरली, दुसरीची नको भरायला?"

बाबांनी हेगेला तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं दिलं. इंदूरहून आणलेलं, त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत नेहमी असतं. आणि सांधा करून दाखवला, दोनदा. तिसऱ्यांदा तिने केला. बाबांनी बोट फिरवून बघितलं. "टोक अजून आत. हां. बस."

६ जुलै, रविवार. इंदूर

बाबांनी पत्र लिहिलं. सकाळी बसले, दुपारी उठले. मी म्हटलं स्कॅन करून मेल करते, आजच पोचेल. नाही म्हणाले, पोस्टानेच. महिना लागला तर लागू दे, ह्या वेळी वाट बघण्यात काही वाईट नाही.

मला वाचायला दिलं, कारण खाली इंग्रजी माझं जायचं होतं. वर 'चि. मारित व चि. हेगे'. दोन पानं, मशीनबद्दल आणि आजोबांबद्दल बरंच. शेवटी असं: "तुमची आजी असती तर काय म्हणाली असती ते मी लिहीत नाही. तिच्या नावानं एकदा लिहिलं होतं. हे मी माझं लिहितो. दोघी घरी या."

आता शाळा सुरू. आठवीला समतेचा धडा पुन्हा घेणार, ह्या वेळी फळ्यावर कमी लिहिणार.

२ नोव्हेंबर, रविवार

मारित आणि हेगे डिसेंबरच्या वीस तारखेला येताहेत. घराला रंग झाला. शामकाकांनी विचारलं, "रामभाऊ, कोण येतंय, नॉर्वेचे राजे का?" बाबा म्हणाले, "आमच्या घरच्या आहेत." बस.

आई माळ्यावरून पाट काढत होती. सत्यनारायण करायचा ठरलाय. मी खालून एक घेतला, तिने दुसरा दिला.

"दोन कशाला?"

"पूजेला जोडी बसते ना."

"पण मारितचं लग्न कुठे..."

आई माळ्याच्या शिडीवर थांबली. खाली माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी आठवीत गणितात नापास झाले होते तेव्हाचा भाव होता, रागाचा नाही.

"बेटा," ती म्हणाली, "तू तिथे इतके दिवस कुठे होतीस?"

मी पाट हातात घेऊन उभी राहिले. मग हा डायरीचा भाग काढून सगळा वाचला, एप्रिलच्या मेलपासून. अंगठ्या. 'मग आल्यावर.' टेबलावरचे थरथरणारे हात. आणि माझं भाषांतर. एवढं धीर करून ती बोलली आणि मी बाबांना घराचा पत्ता सांगितला. बी.एस्सी. फर्स्ट क्लास.

मी बाबांकडे गेले. "तुम्हाला तेव्हा कळलं होतं? मी तर चुकीचं सांगितलं."

"तू जे सांगितलंस त्यातही होतंच की," बाबा म्हणाले. "आणि तिचं तोंड दिसत होतं मला. तसंच तोंड घेऊन नंदूने लिहिलं असणार." ते पाट उलटा करून बघत होते. "मला पहिले दोन दिवस जड गेलं. खोटं नाही सांगत. मग म्हटलं, पट्ट्याला तेल कोण देतं?"

"गुरुजी काय म्हणतील?"

"गुरुजींना दक्षिणा मी देणार, पाट ही मांडणार," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "त्यांनी फक्त पोथी वाचायची."

आज मारितला मेल लिहिला. मोठा लिहिला होता, माफीचा, समतेचा, मग सगळा पुसला. फक्त लिहिलं: "ताई, मला आत्ता कळलं. बाकी सगळ्यांना जूनमध्येच कळलं होतं. खोली एकच लागेल ना दोघींना?" दहा मिनिटांत उत्तर आलं, एक हसणारा चेहरा आणि हेगेचा निरोप, जिरावन संपलंय.

दुसरा पाट डुगडुगत होता. बाबांनी त्याच्या एका बाजूला पातळ पट्टी ठोकली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, आणि दोन्हींवर एकेक हात ठेवून जोर देऊन बघितला. मग पुन्हा बघितला.

"आता बसतील," म्हणाले.